येसूला कोणी ओळखतं का?

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

चंद्रपूरच्या कोर्टात मी मोफत कायदेशीर मदतीच्या टेबलापाशी बसते. आज नव्वदीच्या पौर्णाबाई शेजारच्या सुनेला पोटगीच्या अर्जासाठी घेऊन आल्या. इथे वकिलाला पैसे द्यावे लागत नाहीत म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"खरंच नाई लागत? तवा कोनी सांगतलं असतं मले!"

तवा म्हणजे एकोणीसशे पन्नासच्या दशकात. पौर्णाबाई तेव्हा विशीच्या, वैनगंगेत मासे धरणाऱ्या घरातल्या. नवरा तापाने गेला. दिराने त्यांना हाकललं आणि दोन वर्षांची येसू ठेवून घेतली. म्हणाला, "कोर्टाचा कागद आण, मंग पोरगी ने."

तीन दिवस चालून त्या चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आल्या. जवळ फक्त सुकी मासळी होती. वकिलाच्या मुन्शीने दारातूनच परत पाठवलं. गावी जाऊन पाहतात तर दिराच्या घराला कुलूप. सगळे कुठेतरी कामाला निघून गेले होते. त्यानंतर येसू दिसली नाही.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "बाई, माहा अर्ज आता चालन का?"

मी कागद घेतला, पण अर्ज कोणाविरुद्ध लिहायचा तेच कळेना.

म्हणून तुम्हाला विचारते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सत्तरी ओलांडलेली, डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग असलेली आजी कोणाच्या घरात आहे का? नाव कदाचित बदललं असेल. तिला एवढंच सांगा, आईने तुला टाकलं नव्हतं.