भरल्या पोटाची बुडी

ईट गावच्या शिवारात कुणाची घागर विहिरीत पडली की निरोप जायचा नबीलालला. हा बाबा दगड कवटाळून सरळ तळ गाठायचा. बापाची शिकवण एकच: बुडी मारायची ती उपाशी पोटी, भरल्या पोटी दम पुरत नाही. आणि नबीलाल एक नंबरचा हट्टी. बापाचा शब्द खाली पडू देईल तर शपथ!

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास त्याला साखरेच्या आजारानं गाठलं. सरकारी दवाखान्यात रोज सकाळी सुई सुरू झाली. डॉक्टरनं बजावलं, "सुई घेतली की जेवायचंच. नाहीतर साखर एकदम उतरेल." नबीलालनं मान डोलावली. आणि पुढच्याच आठवड्यात सुई घेतली, पण बुडी होती म्हणून भाकरीला शिवला नाही. आता काय म्हणावं या माणसाला! पाण्यातच त्याचे हातपाय गळाले. काठावरच्या गोरोबानं, त्याच्या दोस्तानं, उडी घेतली म्हणून वाचला.

बायकोनं, शरिफाबीनं, घर डोक्यावर घेतलं. "बस्स झालं! सोडा आता ते पानी!"

"पानी न्हाय सोडनार," नबीलाल म्हणाला. "रीत सोडतो."

बापाची रीत मोडताना त्याला लई जड गेलं, पण मोडली. आधी भाकरी खायची, ती जिरेपर्यंत बसायचं. हात थरथरला, म्हणजे साखर उतरली, तर पाण्यात उतरायचं नाही. कमरेला दोरी. वरून गोरोबानं हिसका दिला की खालून हिसका यायलाच हवा. नाही आला तर काही न विचारता वर ओढायचं. आणि काठावर शरिफाबी, मुठीत गुळाचा खडा घेऊन.

एकदा हरणाबाईची लग्नातली घागर काही केल्या घावेना. बुडीवर बुडी झाली. गोरोबानं हिसका दिला. खालून काहीच नाही. त्यानं सरळ ओढून काढलं.

नबीलाल वर आला तो शिव्या देतच. "घागरीला हात लागला होता माझा! दिला की हिसका म्या!"

"न्हाय दिलास."

"दिला! सोड, जाऊ दे मला खाली!"

"जा की," गोरोबा म्हणाला. "आधी कमरंची गाठ सोडून दाखव."

नबीलालची बोटं गाठीवर नुसतीच थरथरत राहिली. रोजची गाठ, पण सुटेना. त्याचा चेहराच उतरला. शरिफाबीनं गूळ त्याच्या तोंडात कोंबला.

"राहू दे रं बाबा घागर," हरणाबाई कळवळली.

बऱ्याच वेळानं बोटं थांबली, गाठ सुटली. आजवर नबीलाल आपणहून रिकाम्या हातानं विहिरीवरून परतला नव्हता. "उद्या काढतो," म्हणाला, आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तो भाकरी खाऊन आला. हात पुढं करून शरिफाबीला दाखवला, दोरी बांधली, उतरला. गोरोबानं हिसका दिला. खालून असा हिसका आला की गोरोबाचा तोलच गेला. "हाय, हाय, शुद्धीवर हाय गडी!" तो ओरडला.

शरिफाबीनं मूठ उघडली आणि घामानं चिकट झालेला गुळाचा खडा त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या तोंडात टाकला.