आईच्या पोटातला खडा

माझी आई जन्मभर अंधेरीच्या बाजारात मासळी विकत आली आणि घासाघीस करून तिच्यापुढे कुणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही. आवाज मला तिचाच मिळालाय. ऑफिसात लोक मला हळू बोला म्हणतात, तेव्हा मी खरं तर हळूच बोलत असते.

गेल्या वर्षी तिला उलट्या सुरू झाल्या. पोट टम्म फुगलं आणि आतून कळा येऊ लागल्या. वहिनीने ओव्याचं पाणी पाजलं, शेजारणीने बेंबीवर हिंग चोळला, भाऊ म्हणाला गॅस असेल, जाईल. मी बोरिवलीहून पोचले तर आई भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले, आणि उलटीला असा घाण वास की मला दारातच कळलं, हे गॅसचं काम नाही. भावाला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिक्षात घालून तिला पार्ल्याच्या एका हॉस्पिटलात नेलं.

तिथे तिच्या नाकातून पोटात नळी घातली, स्कॅन काढला. सर्जन माझ्याच वयाचा, शांत माणूस होता. त्याने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की पित्ताशयातला एक मोठा खडा वर्षानुवर्षं घासत घासत शेजारच्या आतड्याला भोक पाडून आत उतरलाय. पुढे सरकत सरकत आतडं जिथे अरुंद होतं तिथे तो बूच मारल्यासारखा अडकला. "मागे कधी उजव्या बरगडीखाली दुखायचं का त्यांना?"

दुखायचं ना. टोपली उचलताना ती तिथेच हात दाबून उभी राहायची, ऑपरेशनचा विषय काढला की शिव्या घालायची. मग एके दिवशी दुखणं थांबलं आणि आम्ही सगळे खूश झालो. खडा तेव्हा घर बदलत होता, हे आम्हाला कुठून कळणार?

"आजच काढायला हवा," सर्जन म्हणाला. "आतडं सडलं तर मग त्यांना वाचवणं कठीण."

आई म्हणाली, नाय.

तिला कारण होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं पोट असंच कशासाठी तरी वरपासून खालपर्यंत उघडलं होतं. नंतर टाक्यांच्या जागी हर्निया झाला, टोपली कायमची सुटली, आणि माझी ती मावशी घराच्या उंबऱ्यावर बसून बसून गेली. बाजारात कोण आलं, कोण गेलं, हे आईला संध्याकाळी विचारायची, तेवढंच. "मना पोट फाडून घ्यायचं नाय," आई म्हणाली. दुर्बिणीतून करणार आहेत, छोटी भोकं पाडून, हे सर्जनने समजावलं. पण न जमल्यास पोट उघडावं लागेल हेही त्याने सांगितलं, आणि आईने तेवढंच धरून ठेवलं.

मग सुरू झालं गोड बोलणं. नर्स म्हणाली, "आज्जी, काही नाही होत हं." वहिनी पाय चेपत म्हणाली, नातवाचं लग्न बघायचंय ना. भाऊ तर हात जोडून उभा. आईने डोळे मिटून घेतले. तिचं पोट आणखी ताणलं होतं, आणि वेळ चालला होता. माझं डोकंच फिरलं.

"मग मर," मी म्हटलं. "मर एकदाची. आमच्या डोळ्यांदेखत कशाला? घरी जाऊन मर."

वहिनीने तोंडावर हात ठेवला. आईने एक डोळा उघडून आधी माझ्याकडे पाहिलं, मग सर्जनकडे.

"किती भोकं पाडनार रं?"

"चार."

"तीनात कर."

सर्जनने माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. मग त्या भल्या माणसाने स्टूल ओढलं आणि तो तिच्या उशाशी बसला. "तीनात बघतो, मावशी. पण बेंबीजवळचं एक जरा मोठं करावं लागेल. खडा तिथनंच बाहेर काढायचाय."

"किती मोठं?"

त्याने दोन बोटांत अंतर दाखवलं. आईने सलाइन लावलेल्या हाताने त्याची बोटं जवळ आणली. त्याने ती पुन्हा लांब केली. "खडाच एवढा आहे, मावशी. आणि आत जमलं नाही तर पोट उघडणार. त्यात मी कमी करणार नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "खोटं बोलत नाय हा," आणि संमतीच्या कागदावर अंगठ्यासाठी हात पुढे केला.

बाहेर बाकावर मी आधी भावाशी भांडले, मग त्याच्याच खांद्यावर रडले. माझ्या तोंडून गेलेलं शेवटचं वाक्य तेच राहिलं तर काय करायचं, हे मला कुणी सांगत नव्हतं. मग सर्जन बाहेर आला. "तीनातच झालं," तो म्हणाला. आतड्याचा अडकलेला भाग बेंबीजवळून बाहेर घेतला, चीर देऊन खडा काढला, शिवून परत आत ठेवला. पित्ताशयाला या वयात आत्ताच हात लावला नव्हता, ते तिला ताकद आल्यावर बघू म्हणाला.

आई उठून बसायला लागली त्या सकाळी मी तिचे केस विंचरत होते. माफी मागायची होती, शब्द जुळत नव्हते. तिनेच विषय काढला.

"सगली गोड गोड बोलत होती. मना वाटला, माजं आता काय खरं नाय, मना सांगत नाय कोन. तू मर बोललीस, तवा जीव आला. मरनाऱ्या मानसाला कोन मर बोलतं का गं?"

फणी तिच्या केसांतच राहिली.