तेवीस नंबरचा पाय

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी याद्या करणारी बाई. घडलं ते क्रमाने लिहिते, एवढंच.

मी लोणी देवकरला राहते. बारामतीच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी. सहा वर्षं एका सरांच्या हाताखाली काम केलं. भोरच्या डोंगरातल्या ओढ्यांत दगडांखाली एक दुर्मीळ किडा सापडतो. त्याच्या डीएनएमधल्या खुणा, म्हणजे मार्कर, शोधायच्या होत्या. कुठल्या ओढ्यातला किडा कुणाचा नातेवाईक, हे त्यावरून कळतं. प्रत्येक किड्याचा एक पाय डीएनएसाठी काढायचा, कुठला ते वहीत लिहायचं, बाकीचा किडा अल्कोहोलच्या बाटलीत. आत पेन्सिलने लिहिलेली नंबराची चिठ्ठी, कारण शाई विरघळते. गार पाण्यात उभं राहून चाळीस किडे मी गोळा केले. चाळीस चिठ्ठ्या माझ्या हातच्या, माझ्याच वहीतून फाडलेल्या.

"ताई, पेपरवर तुमचं नाव माझ्या शेजारी," सर म्हणायचे... माझ्या डब्यातली भाकरी खात.

संशोधनाचा पेपर छापून आला. माझं नाव नाही. 'नमुने लेखकाने गोळा केले.' मी विभागप्रमुख मॅडमकडे गेले. सर म्हणाले, जुन्या बाटल्या फुटल्या, टाकून दिल्या. मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या चिठ्ठीची एक तरी बाटली दाखवा."

मंगळवारी सकाळी मी लॅबचं कपाट रिकामं करून पुसलं, कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. दुपारी उघडलं तर मधल्या खणात एक बाटली. आत चिठ्ठी, माझं अक्षर — तेवीस.

"बाई, तुमीच ठिवली असंल," शिपाई तात्या म्हणाले. "वय झालं की व्हतं आसं."

"तुमच्यापेक्षा धा वर्सांनी ल्हान हाय मी, तात्या."

तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी सरांना बोलावलं. ते मायक्रोस्कोपमधून बराच वेळ बघत राहिले, मग माझी वही मागितली.

"ताई, तेवीस वाचा की."

मी वाचलं. 'उजवा मागचा पाय काढला.'

"आणि ह्याला किती हायेत?"

मी वाकून पाहिलं. सहाच्या सहा.

"खोटा पुरावा करायचा, तर आधी वही तरी बघायची, ताई."

मॅडमनी वही मिटून माझ्यापुढे सरकवली. एरवी मी सगळं दोनदा तपासते... त्या दिवशी घाईत पाय मोजले नव्हते.

बाटली आता माझ्या घरी आहे. चिठ्ठीची फाटलेली कड वहीतल्या पानाशी तंतोतंत जुळते. तो पाय मी चिमट्याने काढला होता, हेही मला स्वच्छ आठवतं. मेलेल्या किड्याला पाय फुटत नाही. दर महिन्याला भिंगातून मोजते — सहाच.

सरांनी मला का फसवलं, ते कळतं. या किड्याने का, ते अजून कळलेलं नाही.