मामंजींचं ऊन

सुखानं बसावं कसं आणि कुठं, या एका विषयात माझ्या सासऱ्यांच्या तोडीचा माणूस इंदापूर तालुक्यात झाला नाही. आणि बारामतीचं म्हणाल तर मी तिथलीच, तिथंही नव्हता. ते आळशी होते असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. कळसच्या रानात शाळूची काढणी लागली की दोन गड्यांचं काम ते एकटे उरकत. पण काम संपून टेकायची वेळ आली की कुठंही टेकणं त्यांना मंजूर नसे. त्यातही महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंतचे दिवस त्यांच्या मते फार बेभरवशाचे. पहाटे दात वाजतात, दुपारी टाळू तापते आणि संध्याकाळी अंगावर काय घ्यावं हे कुणालाच नीट सांगता येत नाही. या दिवसांत माणसाला रोपासारखं जपलं पाहिजे, असं ते म्हणत, आणि सुरुवात स्वतःपासून करत.

थंडीभर त्यांच्या अंगावर चार वाकळा असत. शिवरात्रीला पहिली उतरायची. ती ते स्वतः उन्हात झटकत, घडी करून माळ्यावर ठेवत. पुढं आठवड्याला एक. मध्येच एखादी रात्र उकाड्यात गेली तरी पुढची वाकळ वेळेआधी निघत नसे. "अंगाला सांगून काढाय लागती," असं त्यांचं म्हणणं. आंघोळीच्या कढत पाण्यातही रोज तांब्याभर गार पाणी वाढत जाई. एकदा सासूबाईंनी घाईत दोन तांबे जास्त ओतले, तर हे अर्ध्या आंघोळीतून उठले आणि घोंगडी गुंडाळून दुपारपर्यंत अबोल बसून राहिले. त्यांची बाज तर दिवसातून चार वेळा जागा बदलायची. सकाळी गोठ्याच्या उगवतीकडच्या भिंतीला, कारण आत रात्रभर बैलं बांधलेली असल्यानं ती भिंत म्हणे माणसासारखी कोमट असते. दुपारी कडुलिंबाखाली. पण ते लिंबाच्या पानगळीचे दिवस; सावलीला जुन्या धोतरासारखी भोकं पडायची आणि बाज चिंचेखाली जायची. गावच्या चावडीवर बैठक असली तरी मामंजी दोनदा सगळ्यांना उठवून सतरंजी सरकवायला लावत. लोक आधी कुरकुरत आणि मग बसल्यावर गप्प होत, कारण जागा खरोखर बरी असे.

माझं लग्न ठरलं तेही याच दिवसांत. माझे वडील बारामतीला कचेरीत कारकून. त्यांनी बाहेरच्या खोलीत लोड-तक्के मांडले होते. पाहुणे बसले, पोहे आले आणि मामंजी उठून आत चालते झाले. परसात काही निकड असेल असं समजून वडिलांनी वाट दाखवली. बराच वेळ झाला तरी हे परत येईनात, म्हणून वडील बघायला गेले, तर मामंजी न्हाणीच्या चुलवणाशी पाटावर बसून निखारे पुढं ओढत होते. म्हणाले, "हितं या पाहुणं. तितं फरशी लई गार हाय." वडील कोट-टोपीसकट गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी बसले. पाठोपाठ मध्यस्थ आले, मामा आले. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सगळी बोलणी तिथंच पार पडली. संध्याकाळी वडील आईला एवढंच म्हणाले की माणूस तऱ्हेवाईक आहे, पण आपली पोरगी गारठणार नाही.

लग्नानंतर दुसऱ्या पौषात मला माहेरी मुलगी झाली आणि बारा दिवसांत गेली. माघ सरता सरता मला कळसला आणलं. माझ्या अंगातली थंडी काही जाईना. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, शेक दिले, माजघरात जाड अंथरूण घातलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. मी भिंतीकडं तोंड करून पडून राही आणि विचारलं तर बरं आहे म्हणे.

मामंजी माजघरात कधी येत नसत. एका सकाळी मात्र उंबऱ्याबाहेरून त्यांचा आवाज आला की सूनबाईला बाहेर आणा. बाज गोठ्याच्या भिंतीला लावलेली होती. सासूबाई हबकल्या. सून सासऱ्यापुढं अंगणात बाजेवर पडलेली, गाव काय म्हणेल, असं त्यांनी हलक्या आवाजात बरंच सुनावलं. ते ऐकून घेऊन मामंजी म्हणाले, "मी पाठ करून बसतो."

आणि ते खरंच बसले. पुढचे पंधरा-वीस दिवस मी त्यांच्या बाजेवर आणि ते चार हातांवर, माझ्याकडं पाठ करून, दोर वळत. ऐन काढणीचे दिवस होते, तरी सकाळचे दोन तास ते रानात गेले नाहीत. सासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. ते मान न वळवता विचारत, "पायावरनं ऊन सरकलं का?" मी बांगड्या वाजवत असे. एकदा वाजवल्या की व्हय, दोनदा वाजवल्या की न्हाय. व्हय आलं की ते सासूबाईंना हाक मारत आणि बाज वीतभर सरके. येणारे-जाणारे बघत. मामंजी त्यांनाच पीकपाणी विचारत.

एके दिवशी शेजारच्या घरात तान्हं मूल रडायला लागलं आणि मला आवरेना. पदराचा बोळा तोंडात धरला तरी आवाज फुटलाच. दोर वळणारे हात थांबले. मान न वळवताच ते बोलले.

"आमची बी दोन गेली. तवा तुझ्या सासूला मी आत अंधारातच ठिवली. साल-दीड साल. मला कळलंच न्हाय."

आत सासूबाई भाकरी थापत होत्या, तो थापण्याचा आवाज तेवढा थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

शिमग्याच्या आधी दोन दिवस मला उन्हाचा चटका बसला. तोवर ऊन लागतच नव्हतं. सासूबाई विहिरीवर होत्या, मामंजी अजून आले नव्हते. मी उठले, बाज धरली आणि ओढत ओढत चिंचेच्या सावलीत नेली. तेवढ्यानं धाप लागली. मामंजी आले, रिकाम्या भिंतीशी जरा उभे राहिले आणि चिंचेकडं न बघता म्हणाले, "आता तुझी तू जागा बघ." मग खांद्यावर घोंगडी टाकून रानाकडं निघून गेले. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्या दिवशी अंगण फार मोठं दिसलं.

पुढं मला तीन मुलं झाली. मामंजी गेले तेव्हा धाकटं रांगत होतं. नंतर आम्ही बारामतीला घर केलं. आता याच दिवसांत सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा. घरातली माणसं प्रेमळ आहेत, समोर बसून तब्येत विचारतात, औषधं आणून देतात. पण त्या फाल्गुनात मामंजी जसे पाठ करून बसले, तसं माझ्यापाशी पुढं कुणी बसलं नाही.