भानूताई आणि झाकलेली सुई

“दहा माणसं मोजा, मग बाटली उघडा.” भानूताई हे दिवसातून चार वेळा म्हणायच्या. करोनाच्या लसीची एक बाटली दहा जणांची. उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. फेकणं त्यांच्या जिवावर यायचं.

जबलपूरजवळच्या पनागरच्या पुढे, जिथून वाटाण्याची शेतं लागतात, तिथे आम्हा वऱ्हाडाकडून आलेल्या मराठी लोकांची वीस घरं आहेत. तीस वर्षं ह्या घरांतलं एकेक मूल भानूताईंच्या सुईने रडलं आणि त्यांच्याच कडेवर गप्प झालं. त्यांचे वडील जबलपूरच्या कारखान्यात कामगार, त्या स्वतः सरकारी नर्स. खांद्याला लसीचा निळा डबा, पायात रबरी चप्पल, आणि चाल अशी हलकी, की बांधावरचं गवतही दबू नये.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्यातली तीन माणसं करोनाने गेली. जूनमध्ये लसीची मोठी मोहीम निघाली. सत्तेतल्या पक्षाचे भय्यासाहेब पहिल्याच दिवशी पनागरला आले, बाही वर केली, लस घेतली. पण त्यांचा कॅमेरावाला वाटेत अधारतालला समोसे खात राहिला होता. तो पोचला तोवर काम झालेलं.

“दीदी, एक बार और. बस फोटो के लिए,” भय्यासाहेब म्हणाले.

भानूताईंनी टोपण लावलेली सुई त्यांच्या दंडाला टेकवून धरली. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाच्या गुणवंतने तोच फोटो बातमीवाल्यांना दिला. गुणवंत आमच्याच वस्तीतला. टीव्हीवर टोपणाभोवती लाल गोल फिरू लागला, खाली अक्षरं धावू लागली, ‘टीके का नाटक’, म्हणजे लसीचं नाटक. संध्याकाळी भय्यासाहेब टीव्हीवर आले आणि म्हणाले, ही नर्सच विरोधकांची आहे, तिने मुद्दाम केलं. दोघांचंही नाव झालं. मधल्या मध्ये भानूताईंचं गेलं. आमच्यातले लोकही म्हणू लागले, “रिकामी सुई टोचून राहिली का काय ही बाई?”

गुरुवारी आमच्या शाळेत शिबिर होतं. वस्तीने लस घेतली नाही तर शिबिर दुसऱ्या गावाला जाणार होतं आणि भानूताईंची बदली होणार होती. त्यात तो दिवस वटपौर्णिमेचा. तारीख ठरवणाऱ्या साहेबांच्या घरी, इकडच्या रीतीने, वडाची पूजा अवसेलाच उरकली होती. आमच्या बायकांची पौर्णिमेला असते, हे त्यांना कोण सांगणार? बायका उपाशी, आणि उपाशी माणसाला भानूताई सुई लावत नसत.

अकरापर्यंत शाळेत चिटपाखरू नव्हतं. मग गुणवंत आला, सोबत एक बातमीवाला.

“दीदी, बोलिए. भय्यासाहेब ने टीका लगवाया ही नहीं ना?”

भानूताईंनी मास्क नीट केला. “लावला. माझ्याच हातानं, खरा. फोटोतली सुई झाकलेली होती. तेवढं खोटं मी केलं. नाही म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. चूक माझी.”

बातमीवाल्याने माइक खाली घेतला. “इसमें तो कुछ है ही नहीं,” म्हणाला, आणि दुसऱ्या बातमीमागे जबलपूरच्या गोरखपूर भागात निघून गेला.

वडाकडून परतणाऱ्या बायका फाटकाशी थांबून ऐकत होत्या. पुढे नर्मदाकाकू, हातातल्या ताटात आंबे.

“काहून वं भानू, हे आधी काहून नाही सांगितलं?”

“कोणी विचारलंच नाही, काकू.”

काकूंनी ताट पायरीवर ठेवलं. “आपली चूक आपल्या तोंडानं सांगते, तिची सुई मला चालते. लाव.”

“आधी खा काहीतरी. रिकाम्या पोटी नाही लावत मी.”

“आंबा उपासाला चालते. बसा गं सगळ्या.”

व्हरांड्यात आंबे चोखले गेले. भानूताईंनी बायका मोजल्या. नऊ. डबा बंदच राहिला. गुणवंत मोटारसायकलपाशी उभा होता.

“गुणवंता, तुझी झाली का रे?” काकूंनी विचारलं.

“बाद में देखेंगे, काकू.”

“दुसऱ्याची सुई गावभर दाखवून राहिला, अन् आपला दंड लपवून राहिला?”

बायका हसल्या. गुणवंत कपाळ पुसत आला आणि शर्टाची बाही वर करू लागला. “फोटो मत लेना,” एवढंच म्हणाला. फोटो घेणारं तिथे कोणी उरलंच नव्हतं.

तेव्हा भानूताईंनी बाटली उघडली. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर टोपण काढायचं, औषध भरायचं, मग टोचायचं, असं दहाही जणांना. अर्धा तास सगळ्यांना बसवून ठेवलं. जेवणानंतर पुरुषही आले. आणखी दोन बाटल्या लागल्या, आणि पुढच्या गुरुवारची तारीख फळ्यावर लिहिली गेली.

चार वाजता भानूताईंनी डबा खांद्याला लावला आणि पनागरच्या रस्त्याला लागल्या. ऊन उतरलं होतं. नर्मदाकाकू फाटकात दंड चोळत उभ्या होत्या. गुणवंत मोटारसायकलवर बसला होता, पण किक मारत नव्हता. भानूताई वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत दोघेही तिकडेच बघत राहिले.