आवरून निघालेली बाई

माझी वहिनी एल्फ्रीडा पाहुण्यांना नाश्त्याबरोबर सल्ला देते आणि दोन्ही संपवल्याशिवाय कुणाला टेबलावरून उठू देत नाही. बेटाच्या उत्तरेला तिच्या भाड्याने द्यायच्या दोन खोल्या आहेत. मी शेजारीच राहते. पाहुणे जास्त असले की पाव भाजायला जाते, त्यामुळे तिचं सगळं मला पाठ आहे.

"बंद बूट घाला. चपला घालून जाल तर राख बोटांच्या बेचक्यात बसेल आणि आठवडाभर माझी फरशी कुरकुरत राहील. डोळ्यांतल्या काचा काढून चष्मा लावा. पांढरं काही घालू नका. माणशी एक मोठी बाटली पाणी, तिकडे नळ उरलेला नाही. डोंगरावर ढग दिसला तर ओढ्यात उतरायचं नाही. इथे ऊन असलं तरी नाही. वरचा पाऊस खाली राखेचा चिखल घेऊन येतो, तो दार वाजवून येत नाही. आणि ज्या दिवशी बोट, त्याच दिवशी अँटिग्वाहून पुढचं विमान धरायचं नाही. बोटीला तुमच्या तिकिटाचं काही पडलेलं नसतं."

मग जरा थांबून, चहाची किटली खाली ठेवून, "कुणाला काही विचारायच्या आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. रस्ता विचारायचा असला तरी. आणि तिकडून काही उचलून आणायचं नाही. दगड नाही, चमचा नाही, काही नाही. ती लोकांची घरं आहेत."

'तिकडे' म्हणजे दक्षिणेला. तिकडचा डोंगर ज्वालामुखीचा, तो फुटला तेव्हा आमचं शहर राखेखाली गेलं आणि निम्म्याहून अधिक बेट बंद झालं. आता परवानाधारक गाईड असेल तरच तिकडे जाता येतं. वहिनीचं घर शहरावरच्या टेकडीवर होतं. ते बुडालं नाही, फक्त बंद झालं. इतक्या वर्षांत ती एकदाही तिकडे गेली नाही. "माझ्याच घरात जायला चौकीवर नाव सांगू? आणि वर वाट दाखवायला माणूस?" असं म्हणायची.

पाहुण्यांना मात्र ती पाठवायची, तिच्या भाच्याबरोबर. आल्विन तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण इंग्लंडला गेली ती 'मागून बोलावते' म्हणून, आणि बोलावणं काही आलं नाही. वहिनीला मूल नव्हतं. तिने त्याला वाढवलं, शाळेत घातलं, त्याच्या लग्नात आईच्या जागी बसली. आता त्याची स्वतःची गाडी आहे, वायरलेस आहे, आणि त्याची निम्मी गिऱ्हाइकं वहिनीच्या टेबलावरून उठून जातात.

एकदा कॅनडाचं एक जोडपं उतरलं होतं. बाईचं नाव ग्रेटा. आल्विनबरोबर जाऊन संध्याकाळी परत आली ती डोळे लाल करून. आम्हाला वाटलं राख गेली. ती म्हणाली, "नाही हो, मला रडूच आवरेना. एक स्वयंपाकघर बघितलं. जेवता जेवता माणसं उठून पळालेली. ताटं तशीच. टेबलाखाली लहान बाळाची चप्पल." आणि तिने फोन पुढे केला.

वहिनीने हात पुसले आणि फोटो पाहिला. मीही तिच्या खांद्यावरून पाहिला. हिरव्या फरशा. खिडकीशेजारी भिंतीतलं कपाट, ज्याचं डावं दार माझ्या भावाने तिरकं बसवलं होतं आणि ते मरेपर्यंत सरळ केलं नाही. टेबलावर चार बश्या, निळ्या कडेच्या, त्यांत वाळून काळं झालेलं काहीतरी. काटे कसेही टाकलेले. आणि खाली एक एवढीशी चप्पल.

"त्या बाईचं पुढे काय झालं कुणास ठाऊक," ग्रेटा म्हणाली. "वाचली असेल का?"

"वाचली," वहिनी म्हणाली. "काल रात्री तिने तुम्हाला मासा तळून घातला."

ग्रेटा हसायला लागली आणि वहिनीचा चेहरा बघून थांबली.

आता घर सोडलं त्या दिवसाचं सांगते, कारण मी तिथे होते. मी पिकअपच्या मागे गाद्यांवर बसले होते. भाऊ हॉर्न वाजवत होता. डोंगराच्या बाजूला दुपारीच अंधारून आलं होतं. सगळी आळी निघाली होती आणि ही बाई आत भांडी घासत होती. भाऊ ओरडला, "अगं, डोंगर फुटलाय आणि तू बश्या चमकवतेस?" आतून उत्तर आलं, "परत येईन तेव्हा काय उकिरड्यात येऊ?" भांडी झाली, पलंगावर धुतलेली चादर पडली, कचऱ्याचा डबा रिकामा झाला, फडकं पिळून दोरीवर गेलं. मग तिने दाराला कुलूप लावलं आणि येऊन पुढे बसली. कुलपाची किल्ली अजून तिच्याकडे आहे. दार नाही, ते बिजागऱ्या गंजून केव्हाच पडलं.

तर, फोटो पाहिला त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी बंद बूट घातले, पाण्याची बाटली घेतली आणि आल्विनच्या थांब्यावर जाऊन गाडीत बसली. मी मागोमाग गेले. सोडणार कशी?

"मावशी? तू कुठे?"

"फिरायला आलेय. भाडं दिलंय तुझ्या बायकोकडे. चालव."

गाडीत आणखी सहा जण होते. आल्विन एरवी चौकी ओलांडली की बोलत सुटतो. त्या दिवशी त्याने नुसतं "उजवीकडे समुद्र" एवढं सांगितलं, जो सगळ्यांना दिसतच होता. तो टेकडीचं वळण सोडून सरळ जायला लागला तेव्हा वहिनी म्हणाली, "वळव. रोज वळवतोस ना?"

अंगणात राख गुडघाभर साचून घट्ट झालेली, तिच्यावर काटेरी झुडपं. आत जाताना वहिनीने उंबऱ्यावर बूट झटकले. बाहेरही राख, आतही राख, तरी झटकले. टेबलाजवळ सगळे गोल करून उभे राहिले.

"सांग ना," वहिनी म्हणाली. "इथे काय सांगतोस ते सांग. या लोकांनी पैसे भरलेत."

"मावशी, नंतर बोलू."

"आत्ता. त्या दिवशी या घरातल्या बश्या कोणी पुसल्या होत्या?"

तो खाली बघत म्हणाला, "मी."

"मोठ्याने."

"मी पुसल्या होत्या. कपाटात ठेवल्या होत्या."

"मग या कुठून उगवल्या? आणि ही चप्पल कोणाची? माझ्या घरात एकच पोर होतं. ते हे असं समोर उभं आहे आणि त्याच्या पायात बूट आहेत!"

एका माणसाने फोन वर धरला. वहिनीने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "ते खाली ठेव." त्याने ठेवला.

आल्विनचाही मग तोल गेला. "आवरलेलं स्वयंपाकघर बघायला कोण येतं, मावशी? आवरलेली स्वयंपाकघरं लोकांकडे घरी असतात! इतक्या लांबून येतात ते पळालेली माणसं बघायला. मी 'इथे एक बाई भांडी घासून गेली' म्हटलं की घड्याळ बघतात. मला तीन पोरं आहेत."

"मग पळालेली शोध. मी पळाले नव्हते. मी घर बंद करून निघाले होते." तिचा आवाज चढला नाही, त्यानेच मला भीती वाटली. "डोंगराने माझं घर घेतलं, समजू शकते, डोंगर आहे तो. पण मी गबाळी होते असं जगभरच्या बायकांना माझ्याच ओट्यापाशी सांगायला तू कोण? आईने टाकलं तेव्हा याच ओट्यावर बसवून तुला भरवलंय मी."

आल्विनने बश्या गोळा केल्या, चप्पल उचलली, सगळं खोक्यात भरून गाडीत ठेवलं. गाडी परत आली. उतरताना एक बाई वहिनीला म्हणाली, "तुमचं दुःख मला कळतं." वहिनी म्हणाली, "बूट बाहेर झटका, आत आणू नका."

त्यानंतर आल्विन रविवारी मटणाचा रस्सा खायला यायचा बंद झाला. वहिनीने त्याच्याकडे पाहुणे पाठवणं मात्र बंद केलं नाही. "मुलांच्या पोटावर कशाला पाय?" म्हणाली.

पुढे काही आठवड्यांनी दोन मुली बार्बाडोसहून आल्या, आल्विनबरोबर गेल्या आणि परत येऊन फोटो दाखवायला लागल्या. निळ्या कडेच्या चार बश्या. तीच चप्पल. भिंत मात्र पिवळी, आणि तिच्यावर शाळेचा जुना फळा.

मी म्हटलं, "हे तर आयोन टीचरचं घर."

वहिनीच्या हातातला पाव चुरगळला. आयोन टीचर आमच्या आळीच्या टोकाला राहायच्या. आल्विनलाही त्यांनीच अक्षरं शिकवली. डोंगर फुटल्यावर त्या इंग्लंडला, लेस्टरमध्ये मुलीकडे गेल्या त्या गेल्याच. "तिकडे बसलीये म्हणून बोलू शकत नाही, असं वाटलं याला," वहिनी म्हणाली. "अख्ख्या आळीत आयोनइतकी टापटिपीची बाई नव्हती. तिच्या पोरींच्या रिबिनीला इस्त्री असायची! थांब, आत्ता कळवते तिला. तीच त्याला पत्र लिहू दे, लाल शाईने."

फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वहिनीला वाटलं लाईन गेली.

"आयोन? ऐकतेस ना?"

"ऐकतेय," टीचर म्हणाल्या. "एल्फ्रीडा, मी भांडी घासली नव्हती."

वहिनीने चुरगळलेला पाव ताटलीत ठेवला.

"बेसिनमध्ये ठेवून निघाले. आदल्या रात्रीचीसुद्धा होती. म्हटलं, दोन दिवसांत परत येऊ, तेव्हा बघू. तुझा नवरा तुझ्यासाठी हॉर्न वाजवत होता ते मला ऐकू येत होतं, आणि मी गाडीत बसून तुला हसत होते." मग म्हणाल्या, "इथे रोज रात्री बेसिन रिकामं करून झोपते. मुलगी म्हणते, आई, राहू दे, सकाळी मशीनमध्ये लावू. तिला काय सांगू? तू कोणाला बोलू नकोस हं."

आम्ही कोणाला बोललो नाही. टीचर गेल्या वर्षी गेल्या, म्हणून आता सांगितलं.

वहिनी फोनवर म्हणाली, "काहीतरी बरळू नकोस. तिकडे थंडी आहे, मोजे घाल," आणि फोन ठेवला. मग ओट्यावर मूठ आपटली. इतकी संतापलेली मी तिला तिच्या जुन्या घरात आल्विनसमोरही पाहिली नव्हती. कोणावर ते मला कळेना. बहुतेक तिलाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने आल्विनच्या गाडीत पाण्याचे दोन कॅन चढवले. कुंचा, साबण, काथ्या, जुनी चादर. गाडीत पाहुणे भरलेले.

"मावशी, आज गाडी भरलीय, तमाशा नको."

"तमाशा तू करतोस, मी काम करायला चाललेय. आधी आयोनकडे घे."

टीचरच्या घरात ती टेबलाकडे बघायलाही थांबली नाही. "तुझी ही नाटकाची भांडी उचल," एवढं म्हणून सरळ बेसिनपाशी गेली. बेसिन काठोकाठ राखेने भरलेलं होतं. आल्विनने इतक्या वेळा माणसं आणली, पण त्यात कधी हात घातला नव्हता. राखेवर आधी पाणी ओतलं की तिचं सिमेंट होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तिने आधी कोरडी राख खरवडली, ओंजळीने काढली, चादरीवर टाकली. खालून एक पातेलं निघालं. मग बश्या, एकीला एक चिकटलेल्या. कप, कानाशिवाय. एक चमचा पातेल्याच्या बुडाला बसला होता तो निघेचना.

आल्विन जवळ आला. "मावशी, म्हणजे इथे खरंच..."

"गप्प. पाणी ओत. हळू."

पाहुण्यांपैकी एक बाई दारातून म्हणाली, "मी काही मदत करू का?"

"गाडीत सावलीत बसा. पाणी प्या."

ती घासत राहिली. राख बारीक काचेसारखी असते, बोटं सोलवटतात. तिची सोलवटली. दोन बश्या हातातच फुटल्या, त्या तिने बाजूला रचल्या. मी धुऊन द्यायला हात पुढे केला तर मलाही झटकलं. पाणी संपत आलं तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, आमच्या कोणाकडे न बघता. "एका सकाळचं काम होतं. एकाच सकाळचं. तेवढंही दिलं नाही मेल्याने तिला." खिडकीतून डोंगर दिसत होता, वर थोडी वाफ, बाकी निवांत.

आल्विन खोकं धरून उभा होता. त्याने विचारलं, "मग मी लोकांना काय सांगू इथे?"

"सांग, इथे आयोन टीचर राहायच्या. त्यांनी तुला वाचायला शिकवलं."

"आणि?"

"आणि काय? एवढं ऐकून ज्याला घड्याळ बघायचंय, त्याला बघू दे."

तिने पातेलं फडताळावर उपडं घातलं, चमचा त्याच्या बुडाला तसाच होता. मग चादरीची चार टोकं एकत्र बांधली आणि राखेचं गाठोडं बाहेर टाकायला आल्विनच्या हातात दिलं.