सोमवारचा फलक

कसबा पेठेतल्या त्या मुलींच्या शाळेत एक जुना रिवाज आहे. सोमवारचा फलक शनिवारी दुपारीच लिहून ठेवायचा. फाटकाशेजारी, गल्लीकडे तोंड करून, काचेची एक पेटी आहे. आत काळा फळा, फळ्यावर सुविचार, दिनविशेष, कुणाचं तरी अभिनंदन. अर्धी शाळा सुटली की फलक लिहायचा, काच लावायची, कुलूप घालायचं आणि किल्ली शिपायाच्या हवाली करायची. म्हणजे सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या घाईत खडू शोधत कुणी धावायला नको. रिवाज मोठा सोयीचा. या सोयीनेच कमरजहां शेख बाईंना बावीस वर्षं अडकवून ठेवलं.

बाई विज्ञानाच्या. पण नोकरीला लागून दोन महिने होत नाहीत तोच त्यांचं अक्षर रंगराव हेडसरांच्या नजरेत भरलं, आणि फलक त्यांच्या गळ्यात पडला तो कायमचा. शाळेत सुंदर अक्षर असणं हा गुण नव्हे, ती शिक्षा आहे, हे त्यांना उशिरा कळलं.

१ फेब्रुवारी २००३. शनिवार होता. कोलंबिया यान सोळा दिवस अंतराळात राहून त्या संध्याकाळी, आपल्या घड्याळाने पावणेआठच्या सुमाराला, उतरणार होतं. उतरणार म्हणजे उतरणारच. यात शंका घेण्यासारखं काय होतं? बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी अंतराळातून सुखरूप परतले. हार्दिक अभिनंदन!’ सातवीतली तरन्नुम मागेच लागली होती, म्हणून कडेच्या चांदण्या तिला रंगवायला दिल्या. धोंडिबा शिपायाने कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि तो गावाला गेला.

संध्याकाळी टीव्हीवर आकाशात पांढऱ्या रेघा दिसल्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार. उतरायला सोळा मिनिटं उरली असताना यान फुटलं होतं, सातही जण गेले होते. बाई आधी रडल्या. मग त्यांना फलक आठवला.

रविवारी सकाळी त्या ओलं फडकं घेऊन फाटकाशी गेल्या. अक्षरं काचेआड होती, बोटभर अंतरावर. कुलूप ओढून पाहिलं, फटीतून फडकं घालून पाहिलं. दुधाची किटली घेतलेले एक गृहस्थ थांबले, सगळा मजकूर शांतपणे वाचला आणि म्हणाले, “शाळेला बातम्या वेगळ्या मिळतात वाटतं.” एक दगड उचलला असता तर काम झालं असतं. पण बाईंनी शाळेची काच कधी फोडलेली नव्हती. त्या दुपारपर्यंत पेटीला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या खांद्यावरून गल्ली वाचतच राहिली.

सोमवारी हेडसर फाटकातच उभे. “हा शहाणपणा कुणाचा?”

बाईंचा नोकरीत कायम होण्याचा कागद मार्चात यायचा होता. त्या म्हणाल्या, “मुलींकडून लिहून घेतलं होतं, सर...” आणि पुढे बोलल्याच नाहीत. शनिवारी कोण थांबलं होतं, हे दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. तरन्नुमला प्रार्थना संपेपर्यंत पेटीशेजारी, भर गल्लीत उभं केलं. येणारेजाणारे हसत होते. तिने एकदाच बाईंकडे पाहिलं. मी फक्त चांदण्या काढल्या, एवढं म्हणाली असती तरी सुटली असती. पण पोरगी गप्प राहिली. बाईही गप्प राहिल्या. मार्चात कागद आला.

पुढच्या वर्षापासून बाईंनी १ फेब्रुवारीचा कार्यक्रम सुरू केला. चिठ्ठ्या टाकून सात मुली निवडायच्या, प्रत्येकीने एकेका अंतराळवीराची माहिती शोधून आणायची. मग बाई हजेरी घेणार. रिक हजबंड. (इथे दरवर्षी मुली फिदीफिदी हसायच्या.) विल्यम मकूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, कल्पना चावला, लॉरेल क्लार्क, इलान रामोन. प्रत्येक नावाला सगळा वर्ग “हजर” म्हणायचा. कल्पना सगळ्यांनाच हवी असायची; बाई म्हणायच्या, सातही जण एकाच यानात होते, एकाच वेळी गेले.

कार्यक्रमाचं कौतुक झालं. पाहुणे आले, शाल आली. एवढी तळमळ हल्ली कुठे बघायला मिळते, असं लोक म्हणायचे आणि बाई खाली बघून शालीची घडी घालत राहायच्या. तरन्नुम लग्न होऊन पेठेतच राहिलेली. भाजी घेताना भेटली की “सलाम, बाई” म्हणायची. बाई लगबगीने मेथीचा भाव विचारू लागायच्या. मग तिची मिसबा याच शाळेत पाचवीत आली, आणि गल्लीत चुकवलेली नजर बाईंना वर्गातही चुकवावी लागू लागली.

यंदा बाईंचं शेवटचं वर्ष. महिनाअखेर निवृत्ती. १ फेब्रुवारी पुन्हा शनिवारीच आला. हजेरी झाली. मकूलची चिठ्ठी सातवीतल्या मिसबाला निघाली होती. ती उभीच राहिली.

“बाई, यान उडतानाच पंखाला मार लागला होता ना? मग खाली कुणालाच कळलं नाही?”

“काही इंजिनिअरांना शंका होती. त्यांनी यानाचे फोटो मागितले. वरच्यांना त्याची गरज वाटली नाही.”

“आणि यानातल्यांना?”

“काळजीचं कारण नाही, असं कळवलं होतं.”

“म्हणजे ते अडकलेले, आणि खालची माणसं गप्प. माहीत असून माणूस गप्प का बसतो, बाई?”

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. उत्तर पाठ होतं, बावीस वर्षं पाठ होतं. “इंजिनिअरांचं मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “माझं सांगते.” आणि त्यांनी सांगितलं. फलक, कुलूप, मार्चातला कागद, चांदण्या. तरन्नुमचं नावही घेतलं.  

मिसबा अजून उभीच होती. “अम्मी दरवर्षी विचारते,” ती हळूच म्हणाली. “आज बाई काय म्हणाल्या? मी सगळं सांगते. मग ती म्हणते, अजून काही नाही म्हणाल्या? मी म्हणते, नाही.”

बाईंनी टेबलावरचा खडू उचलला.

दुपारी शाळा सुटल्यावर त्या पेटीशी गेल्या. हल्लीच्या मुख्याध्यापिकांनी सोमवारच्या फलकाचा मजकूर चिठ्ठीवर लिहून दिला होता, क्रीडास्पर्धेचं अभिनंदन. बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं :

‘३ फेब्रुवारी २००३ रोजी या जागी असलेला चुकीचा मजकूर मी लिहिला होता. तरन्नुमने फक्त चांदण्या काढल्या होत्या. त्या सुंदर होत्या. – कमरजहां शेख, विज्ञान शिक्षिका.’

काच लावली, कुलूप घातलं. किल्ली घ्यायला शिपाई उभा होता. तो मजकूर वाचून चाचरला. “बाई, पुसायचंय का? उद्या रविवार, मी गावाला जातोय.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. “सावकाश ये.”